ईश्वरीची भीती

यशोधनने आमटीची वाटी भिरकावली तेव्हा ईश्वरीला सातवा महिना लागला होता, आणि तिला भीती वाटली नाही.

वाटी तिच्या कानाजवळून गेली, मागच्या भिंतीवर आदळली आणि खणखणत ओट्याखाली जाऊन थांबली. एरवी अशा वेळी तिच्या पोटात खड्डा पडायचा, हातपाय गार व्हायचे, खांदे आपोआप वर चढायचे. आज यातलं काहीच झालं नाही. भिंतीवरून उतरणाऱ्या ओघळाकडे तिने पाहिलं. कढीपत्त्याचं एक पान मध्येच चिकटून राहिलं होतं.

"मीठ जास्त झालंय का?" तिने विचारलं. "तू दही घेतोस?"

'तू' ऐकून यशोधन खुर्चीतून उठला. लग्नाआधी ती त्याला तूच म्हणायची. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात एका थपडेने त्या 'तू'चं 'तुम्ही' झालं होतं, आणि आज इतक्या वर्षांनी ते तिच्या तोंडून सहज निसटलं होतं. तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

त्याने उलट्या हाताने मारलं. ओठ फाटला. दुखलं, चांगलंच दुखलं. तिने जिभेने रक्ताची चव घेतली आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. तो थांबला होता. मारल्यानंतर तिच्या डोळ्यांत जे दिसायचं, त्याची वाट पाहत होता. ते आलं नाही.

"बघतेस काय?"

"तुझा हात थरथरतोय," ती म्हणाली.

तो दार आपटून बाहेर गेला. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात सासूबाई उभ्या होत्या. ईश्वरीच्या फाटलेल्या ओठाकडे त्यांचं लक्ष नव्हतं. त्या तिच्या डोळ्यांकडे पाहत होत्या.

*

जतच्या वरच्या माळावर पवनचक्क्यांची वसाहत होती. यशोधन तिथला साइट इन्चार्ज. सव्वाशे मीटर उंचीच्या चक्क्या, त्यांच्या पायथ्याशी तयार भिंती जोडून उभी केलेली घरं. भिंती इतक्या पातळ की शेजारच्या घरात कुणी शिंकलं तरी ऐकू यायचं. ईश्वरीच्या घरातून जे ऐकू यायचं, ते मात्र कुणालाच ऐकू आलेलं नसायचं. तेवढ्यापुरते टीव्हीचे आवाज मोठे व्हायचे.

तिचं पहिलं मूल पाचव्या महिन्यात गेलं होतं. जिन्यावरून पाय घसरला, असं तिने सगळ्यांना सांगितलं. पाठीवर पडलेला यशोधनचा हात तिने कुणालाच सांगितला नाही. तासगावच्या वडिलांना एकदा सांगायला घेतलं होतं. "मूल झालं की माणूस सुधारतो," म्हणून त्यांनी विषय संपवला.

दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा यशोधननेच तिचं नाव मिरजेला डॉक्टर निलोफर मुजावर यांच्या बाळंतपणाच्या वर्गात घातलं. "ओरडाआरड नको. तमाशा नको. तिथल्या बायका म्हणे गप्प बाळंत होतात."

वर्ग छान होता. कंपनीची विनाचालक बस माळावरून उतरून मिरजेला सोडायची. सतरंजीवर पाच-सहा पोटुशा बायका बसलेल्या असायच्या. लांब श्वास, सैल जबडा, कंबरेचे व्यायाम. डॉक्टर निलोफर पन्नाशीच्या, ठेंगण्या, बोलताना सारखा चष्मा वर सारणाऱ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी बटणाएवढी एक चकती तळहातावर ठेवून दाखवली.

"हिचं नाव निवळ. गढूळ पाणी स्थिर राहिलं की कसं निवळतं, तसं." मग त्यांनी समजावून सांगितलं. बाळंतपणात दुखतं ते काही प्रमाणात भीतीमुळे. मेंदूत बदामाएवढा एक भाग असतो, तो घरातल्या धोक्याच्या घंटेसारखा. ती वाजली की अॅड्रिनलीन रक्तात उतरतं, स्नायू आवळतात, आणि गर्भपिशवीच्या ज्या तोंडाने सैल व्हायचं तेच ताठरतं. मग जास्त दुखतं, आणि दुखलं की भीती आणखी वाढते. "कानामागून एक मज्जातंतू जातो, थेट काळजापर्यंत. निवळ त्याला बारीक कंपनं देते. तुमचे ठोके ऐकते, श्वास ऐकते, आणि भीतीची चाहूल लागली की त्याच क्षणी शांत करते. रोज असं होत राहिलं की मेंदूला तीच सवय लागते. बाळंतपणापर्यंत घंटा अगदी हळू वाजायला लागते. औषध नाही, सुई नाही. तुमचं शरीर त्याचं काम त्याच्या पद्धतीने करतं."

"ती स्वतःच ठरवते, किती द्यायचं ते?" ईश्वरीने विचारलं.

"हो. जितकी भीती, तितका जोर."

भीती कसली, हे निवळला कळत नव्हतं. बाकीच्या बायकांना बाळंतपण आठवलं की ती जागी व्हायची. ईश्वरीच्या कानामागे ती रोज संध्याकाळी, यशोधनची गाडी आली की जागी व्हायची. विजेच्या गाडीला आवाज नव्हता, फक्त चाकांखालची खडी वाजायची. ती खडी वाजली की चकती गुणगुणू लागायची, आणि रोज थोडी जास्त. आठवड्यामागून आठवडे हे चाललं, आणि एके दिवशी खडी वाजली तरी ईश्वरी पोळी लाटतच राहिली.

तिला फार बरं वाटलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा ती रात्रभर सलग झोपू लागली होती.

*

वाटीच्या प्रसंगानंतर यशोधन वेगळाच वागू लागला. आधी तो रागाने मारायचा. आता तो बघण्यासाठी मारत होता.

एका संध्याकाळी त्याने तिला समोर बसवलं, तिचा डावा हात टेबलावर ठेवून घेतला आणि करंगळी मागे वळवायला सुरुवात केली. सावकाश.

"ओरड."

"कशाला?"

"ओरड म्हटलं ना."

"दुखतंय," ती म्हणाली. "सोड. मोडेल."

वाळकी काडी मोडल्यासारखा आवाज आला. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, तोंडातून हुंकार निघाला, पण ते फक्त वेदनेचं होतं, आणि यशोधनला तो फरक बरोबर कळत होता. त्याने तिचा हात झटकला. कोपऱ्यात ठेवलेला, अजून न उघडलेला पाळण्याचा खोका त्याने लाथांनी चेचला. आतले दांडे मोडेपर्यंत तो थांबला नाही. ईश्वरी मोडलेलं बोट धरून बसून राहिली.

मिरजेला डॉक्टरांनी बोटाला पट्टी बांधली. "कशात सापडलं?"

"दारात."

डॉक्टरांनी चष्मा वर केला. "घरी सगळं ठीक आहे ना?"

"हो."

खोटं बोलताना तिचं काळीज जराही हललं नाही. समोरच्या पडद्यावर तिचे ठोके संथ, एकसारखे चालले होते. डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिलं आणि त्यांचं समाधान झालं. "सगळ्या बॅचमध्ये तूच पुढे आहेस," त्या म्हणाल्या.

*

आठव्या महिन्यात एका रविवारी यशोधन म्हणाला, "चल, तुला माझं काम दाखवतो."

मनोऱ्याच्या पोटात एक अरुंद लिफ्ट होती. दोघं मावतील एवढीच. लिफ्ट करकरत वर चढत होती आणि तो एक शब्द बोलत नव्हता. वर पोचल्यावर यंत्रांची खोली आली, आणि तिच्यावरचं झाकण त्याने ढकलून उघडलं. वारा आत घुसला. त्याने तिला शिडीच्या चार पायऱ्या चढवून छतावर घेतलं. कमरेला बांधायचे पट्टे भिंतीला टांगलेले होते. त्याने एकच काढला आणि स्वतःला बांधला.

"पुढे हो."

ती पुढे झाली. छताला कठडा नव्हता. पाती थांबवलेली होती. खाली वसाहतीची घरं आगपेट्यांसारखी दिसत होती, आणि त्यापलीकडे माळ, द्राक्षांच्या बागांवर अंथरलेले पांढरे कागद, लांब कुठेतरी तलावाची चकाकी. त्याने मागून तिची वेणी मुठीत धरली आणि तिला आणखी एक पाऊल पुढे ढकललं. तिच्या चपलेचं टोक कडेच्या बाहेर आलं.

"आता?" तो तिच्या कानात ओरडला. "आता काय वाटतंय? सोडू?"

वाऱ्याने तिचं पोट साडीखाली गोल दिसत होतं. आत बाळाने लाथ मारली. ईश्वरी खाली पाहत राहिली.

"किती छान दिसतं इथून," ती म्हणाली. आणि नीट दिसावं म्हणून ती स्वतःहून किंचित पुढे वाकली.

किंचाळला तो यशोधनच. त्याने वेणी ओढून तिला मागे आपटलं, आणि पत्र्यावर पडलेल्या तिच्या मांडीवर, कमरेवर बुटाने लाथा घातल्या. "वेडी झालीस का? मेली असतीस! मला फासावर चढवतेस का?" त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिने गुडघे पोटाशी घेतले, कारण तसं करायचं असतं हे तिला आठवत होतं. शरीराने आपणहून काहीच केलं नव्हतं.

*

"तू पुढं वाकलीस?" सासूबाईंनी विचारलं. त्या तिच्या कमरेला हळद लावत होत्या. यशोधन आंघोळीला गेला होता.

"हो."

सासूबाईंचा हात थांबला. "आणि पोरगं? पोटातलं पोरगं आठवलं न्हाई?"

"आठवलं ना. त्याने लाथ मारली तेव्हा आठवलं." "पण आई, आठवून काही झालं नाही."

सासूबाईंनी हळदीची वाटी खाली ठेवली. कुजबुजत बोलल्या, पण शब्दन् शब्द चावून. "ह्याचा बाप असाच होता. त्याच्या चपलेच्या आवाजावरनं मला कळायचं, आज काय होणार ते. मी परसात जायची, गोठ्यात जायची, शेजारणीकडं पीठ मागायला जायची. भ्याले म्हणून जगले गं मी. तुला आता काही ऐकूच येईना झालंय. तो एक दिवस तुला मारून टाकील आणि तू त्याला दही विचारशील."

ईश्वरीला ते पटलं. तिने सासूबाईंच्याच फोनवरून डॉक्टरांना फोन लावला आणि पहिल्यांदा सगळं सांगितलं. जिना, बोट, मनोरा. आवाज न चढवता, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं.

"मी आत्ता गाडी पाठवते," डॉक्टर म्हणाल्या. "तू आत्ताच्या आत्ता निघ."

"निघते. हा आठवडा जाऊ दे."

"ईश्वरी!"

जायला हवं, हे तिला कळत होतं. कुणी विचारलं असतं तर तिने कारणंसुद्धा एकामागून एक सांगितली असती. पण कळणं आणि पाय उचलणं यांच्या मध्ये जे काही असतं, तेच तिच्यात उरलं नव्हतं. आगीत हात घातला तर भाजतं हे माहीत असलेला माणूस हात मागे घेतो तो माहितीमुळे नाही.

डॉक्टरांच्या ते लक्षात आलं. त्यांचा आवाज बदलला. "बरं, ऐक. चकती काढ. लगेच फरक पडणार नाही, मेंदूला सवय झाली आहे. पण काही दिवसांत घंटा पुन्हा वाजायला लागेल. आणि तुला आधीच सांगते, मग ते शांत बाळंतपण विसर. तुझ्या वाट्याची सगळी भीती ऐन वेळी तुझ्यासोबत असेल. पहिल्यापेक्षाही जास्त असेल कदाचित."

ईश्वरीला वर्गातली सतरंजी आठवली. डोळे मिटून, सैल जबड्याने, एकही किंकाळी न फोडता बाळाला जगात आणायचं, हे तिने कितीदा मनात पाहिलं होतं. इतक्या वर्षांत फक्त स्वतःसाठी म्हणून तिने एवढंच मागितलं होतं.

ती विचार करत असतानाच सासूबाईंनी हात पुढे केला. "काढू?"

"काढा," ईश्वरी म्हणाली.

*

भीती परत आली ती काही दिवसांनी, एका दुपारी, कपडे वाळत घालताना.

बाहेर खडी वाजली. ईश्वरीच्या हातातला टॉवेल निसटला. तळहात घामाने ओले झाले, जीभ टाळ्याला चिकटली, पोट दगडासारखं आवळलं. ती भिंतीला टेकली आणि हुंदके देऊन रडू लागली. कुणीतरी हरवलेलं माणूस दारात येऊन उभं राहावं, तशी ती रडत होती. गाडी यशोधनची नव्हतीच, पाण्याचा टँकर होता.

त्याच दिवशी तिने ठरवलं. डॉक्टरांनी पोलिसांत बोलून ठेवायचं. यशोधन कामावर गेला की गाडी येणार. घराचं दार फक्त त्याच्या आणि सासूबाईंच्या आवाजाने उघडायचं, तेव्हा दार सासूबाई उघडणार. ठरवताना तिचे दात वाजत होते.

यशोधन संध्याकाळी आला. "अहो, चहा ठेवू?" तिने विचारलं. कप देताना तिचा हात हलला आणि बशीत चहा सांडला. त्याने मान वर करून तिच्या डोळ्यांत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तो हसला, अगदी मनापासून, लग्नाच्या फोटोतल्यासारखा.

"आलीस माणसात," तो म्हणाला आणि तिच्या गालावरून हात फिरवला. त्या रात्री तो चवीने जेवला. ईश्वरी मोरीत जाऊन ओकली.

*

सकाळी तो कामावर गेला आणि तासाभरात कळा सुरू झाल्या. दिवस अजून भरले नव्हते. तिने डॉक्टरांना फोन केला. त्या स्वतःच निघाल्या. सासूबाईंनी पिशवी भरली, चहाचं आधण ठेवलं. "दोन घोट घे, ताकद येईल."

तेवढ्यात खडी वाजली.

वारा पडला होता, चक्क्या बंद होत्या, आणि यशोधन घरी परतला होता. आत येताच त्याला पिशवी दिसली.

"कुठे?"

"दवाखान्यात. कळा येताहेत, अहो."

"मग मी नेतो की." तो शांत होता. "डॉक्टरीणबाईंना सांगितलंस? फोन बघू."

तिने फोन पाठीमागे घेतला. त्याने मनगट पिरगाळून तो काढून घेतला. पडद्यावर डॉक्टरांचा निरोप उघडाच होता. जत ठाण्यातून पोलीस निघालेत, मी वाटेत आहे, घाबरू नको.

त्याने तो दोनदा वाचला. फोन जमिनीवर टाकला आणि टाचेखाली चिरडला. मग मान न वळवता म्हणाला, "दार, बंद."

दाराची कडी खटकन बसली.

त्याने तिचे केस धरले आणि तिला खोलीभर फरपटत नेलं. तिचं डोकं कपाटावर आदळलं. कळ आली आणि ती गुडघ्यांवर कोसळली. पहिली लाथ पोटाकडे येताना तिने पाहिली, पाहण्याआधीच तिचं अंग वळलं होतं, आणि लाथ कुल्ल्यावर बसली. दुसरी पाठीत बसली. त्याने कमरेच्या पट्ट्यातून हातभर लांबीचा पाना उपसला. आता तिला सगळं दिसत होतं, लख्ख, एकेक करून. त्याचा उजवा खांदा वर जाताना दिसला, बोटं पान्यावर आवळताना दिसली. खांदा खाली यायच्या आत ती बाजूला लोळली. पाना फरशीवर आपटला, फरशीचे तुकडे तिच्या गालात घुसले. तिने किंकाळी फोडली. अशी किंकाळी की पलीकडच्या घरातला टीव्ही बंद झाला.

त्याने पुन्हा पाना उचलला, आणि सासूबाईंनी गॅसवरचं आधण त्याच्या तोंडावर ओतलं.

यशोधन गुरासारखा ओरडला. एका हाताने चेहरा झाकून दुसऱ्या हाताने त्याने पाना आंधळेपणाने फिरवला. तो सासूबाईंच्या हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज ईश्वरीला ओळखीचा होता.

"दार..." सासूबाई म्हणाल्या. आवाज फुटत नव्हता. "दार, उघड."

"आवाज ओळखता आला नाही," दार म्हणालं.

यशोधन भिंत चाचपत आवाजाच्या दिशेने येत होता. सासूबाई दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या, लोंबणारा हात दुसऱ्या हाताने धरला, दोन श्वास घेतले. मग रोज दूध घ्यायला जाताना म्हणायच्या त्याच सुरात, अगदी तसंच, त्या म्हणाल्या, "दार, उघड की रे."

कडी सरकली.

"पळ!"

ईश्वरी पळाली. अनवाणी, खडीवरून, नऊ महिन्यांचं होत आलेलं पोट दोन्ही हातांनी धरून. पळता पळता ती ओरडत होती, आणि या वेळी दारं उघडली. क्रेनवाला बसवराज बनियनवर बाहेर आला. मागून पाना घेऊन धडपडत येणारा यशोधन त्याला दिसला. त्याने हातातली बादली फेकली, मग अंगावर झेप घेतली. आणखी दोघं धावले. ईश्वरीने मागे वळून पाहिलं नाही. रस्त्यावर डॉक्टरांची गाडी दिसेपर्यंत ती थांबली नाही.

*

गाडीत बसल्यावर तिच्या लक्षात आलं, कळा थांबल्या होत्या.

"बाळ?" तिने डॉक्टरांचा दंड धरला. "बाळाला काही झालं का?"

डॉक्टरांनी पोटावर यंत्र टेकवलं. ठोके जोरात, भराभर चालले होते. "आहे. जिवंत आहे." त्यांनी डोळे पुसले. "तुझ्या भीतीने कळा थांबवल्या. रानात हरिणी वीत असताना वाघाची चाहूल लागली की तिच्या कळा थांबतात. पिशवीचं तोंड आवळतं, आणि सगळं रक्त पायांत जातं. तिला पळता यावं म्हणून. कितीतरी वर्षं मी बायकांना हेच सांगत आले, की भीती बाळंतपण अडवते. का अडवते ते मात्र विसरले होते." थोड्या वेळाने त्या हळूच म्हणाल्या, "आणि मी तुला घरचं विचारलं आणि उत्तर पडद्यावर वाचलं. माफ कर मला."

ईश्वरी मागच्या काचेतून रस्ता पाहत होती.

मिरजेला खोलीचं दार बंद झालं, बाहेर पोलीस बसले, आणि संध्याकाळी कळा परत आल्या. डॉक्टरांनी ड्रॉवरमधून नवी चकती काढली. "थोडा वेळ लावू? ताबडतोब पूर्ण गुण येणार नाही, पण धार कमी होईल."

"नको."

"खूप सोसलंस."

"बाहेर पावलं वाजली तर मला कळायला हवं," ईश्वरी म्हणाली.

तिला वर्गातला एकही श्वास आठवला नाही. तिने पलंगाचे गज ओढले, नर्सच्या हाताला चावली, यशोधनला शिव्या दिल्या, वडिलांना दिल्या, घशातून रक्ताची चव येईपर्यंत ओरडली. प्रत्येक कळेला तिला वाटत होतं की आता मरणार, आणि प्रत्येक वेळी ती त्या मरणाशी दात-ओठ खाऊन भांडली. शेवटी मुलगी झाली. लहानखुरी, पण पुरी.

मुलगी रडली नाही. श्वास घेत होती, गुलाबी होती, डोळे उघडे ठेवून दिव्याकडे पाहत होती. फक्त गप्प होती.

निवळ लावलेल्या आयांची बाळं शांत असतात, हे दवाखान्याच्या जाहिरातीतच लिहिलेलं होतं. त्याबद्दल कधी कुणी तक्रार केली नव्हती. शांत बाळाची तक्रार कोण करतं? पण डॉक्टर निलोफरनी आज मुलीला एका हातावर घेतलं, डोकं तळव्यात धरलं आणि तळवा एकदम जरासा खाली नेला. तान्ह्या बाळाला असं केलं की पडतोय असं वाटून ते दोन्ही हात फेकतं, दचकतं, रडतं.

मुलीचे हात हलले नाहीत.

डॉक्टरांनी पुन्हा केलं. पुन्हा काही नाही.

"काय आहे?" ईश्वरीने विचारलं.

डॉक्टरांनी या वेळी लपवलं नाही. "निवळचा परिणाम हिच्यापर्यंत पोचला असेल. तुझ्या रक्तातून किंवा कशीही. आजवर कुणी पाहिलंच नाही. उद्या पुन्हा बघू."

त्या रात्री ईश्वरीने मुलीला छातीशी घेतलं. मुलगी पीत होती, पाहत होती. बाहेर कुठे स्ट्रेचर आदळलं, कुणी हाक मारली, ईश्वरी प्रत्येक आवाजाला दचकत होती आणि मुलगी नाही. कड्यावरून वाकून पाहणारी, तरुण झालेली हीच मुलगी ईश्वरीच्या डोळ्यांसमोर पुन्हा पुन्हा येत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई आल्या. उजवा हात प्लास्टरमध्ये. सोबत महिला पोलीस होती, जबाब चालू होते. यशोधन सांगलीच्या दवाखान्यात पहाऱ्यात होता, एक डोळा जाईल असं तिथले डॉक्टर म्हणत होते. सासूबाईंनी ते एका वाक्यात सांगितलं आणि पुढे काही बोलल्या नाहीत. एका रात्रीत त्या फार म्हाताऱ्या दिसायला लागल्या होत्या. पलंगाजवळ आल्या, पण बाळाला हात लावेनात.

"घ्या ना," ईश्वरी म्हणाली.

"राहू दे. ह्या हातानं मी..." त्यांनी मान फिरवली. "पेज आणलीय. बसवराजच्या बायकोनं दिलीय. ती घे."

डाव्या हाताने त्या स्टीलचा डबा उघडू लागल्या. झाकण घट्ट बसलं होतं. त्यांनी छातीशी धरून जोर लावला, झाकण निघालं, हातातून निसटलं आणि फरशीवर पडून गरागरा फिरत राहिलं.

मुलीचे दोन्ही हात हवेत उडाले. बोटं फाकली. चेहरा आक्रसला, तोंड वासलं, आणि एक क्षण काहीच आवाज आला नाही. मग ती रडली. लाल होऊन, हनुवटी थरथरवत, सगळा मजला ऐकेल अशी.

दारात डॉक्टर निलोफर धावत येऊन थांबल्या. महिला पोलीस उठून उभी राहिली.

"अगं बाई, दचकली पोरगी," सासूबाई कावऱ्याबावऱ्या झाल्या. "चुकलं माझं. हातच धरंना बघ..."

"नाही, आई." ईश्वरी हसत होती आणि तिच्या चिरलेल्या गालावरून पाणी वाहत होतं. तिने रडणाऱ्या मुलीला घट्ट धरलं.

"पुन्हा एकदा टाका."